बसची मार्गिका आणि सोलापूरचा अक्कलकोट रस्ता

शहरातील रस्ता सर्वांच्या मालकीचा असतो, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात मात्र त्याची वाटणी कोणालाही न विचारता होत असते. मोठे वाहन घेऊन येणारा अधिक जागा व्यापतो, पायी चालणारा कडेला सरकतो आणि थांब्यावर उन्हात बसची वाट पाहणारा तर कोणाच्याच हिशेबात नसतो. गेल्या सुमारे वीस वर्षांत भारतातील काही शहरांनी ही वाटणी बदलून पाहण्याचा प्रयत्न केला. रस्त्याचा काही भाग केवळ बसगाड्यांसाठी राखून ठेवायचा, तेथे अन्य वाहनांना मज्जाव करायचा आणि बसच्या प्रवाशाला वाहतुकीच्या कोंडीतून सोडवायचे, अशी ही कल्पना. ‘बीआरटी’ या नावाने ती आपल्या परिचयाची आहे. तिचा आरंभ आपल्याच राज्यात, पुण्यात झाला. ती मोडीत निघाल्याचे दृश्यही पुणेकरांना पाहावयास मिळाले आहे.

वाचकहो, आज हा विषय घेण्याचे कारण पुणे नसून सोलापूर आहे. सोलापुरात अशी मार्गिका नाही. परंतु ज्या कारणांसाठी एखाद्या शहराला जलद बससेवेची गरज भासते, ती सारी कारणे अक्कलकोट रस्त्यावर आज एकत्र आली आहेत.

शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी गाव आहे. तेथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे कामगारांना मिळाली. पुढे त्याच परिसरात ‘रे नगर’ हा असंघटित कामगारांसाठीचा ३० हजार घरांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जानेवारी २०१९ मध्ये त्याची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्याच हस्ते १५ हजार घरांचे हस्तांतरण झाले. या दोन्ही वसाहतींमागे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार चळवळीचा दीर्घ लढा आहे. परस्परविरोधी विचारांच्या दोन पंतप्रधानांनी एकाच चळवळीच्या घरकुलांना हातभार लावावा, हा योग आपल्या राजकारणात विरळाच.

या घरांचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. झोपडीत किंवा भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढलेल्या स्त्रीच्या नावावर पक्के घर होणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु एवढ्या संख्येने आणि कामगाराला परवडतील अशी घरे शहरात उभी राहू शकत नव्हती, कारण शहरातील जमीन महाग. जमीन स्वस्त होती ती दूर. घराची किंमत शासनाने आणि कामगाराने मिळून भागविली. अंतराची किंमत मात्र कामगाराला एकट्याने आणि रोज मोजावी लागते.

विडी कामगार स्त्रीचे काम घरीच चालते, तेव्हा तिला प्रवासाचे काय प्रयोजन, असे कोणाला वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. पान, तंबाखू आणि सूत कारखान्याच्या शाखेतून आणावे लागते आणि वळलेल्या विड्या तेथे नेऊन द्याव्या लागतात. शाखा वसाहतीत असेल तर फेरी वाचते, शहरात असेल तर दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. शिवाय त्या घरात केवळ विडी वळणारी स्त्री राहत नाही. नवरा यंत्रमागावर किंवा हमालीला, मुलगी तयार कपड्यांच्या कारखान्यात, मुलगा महाविद्यालयात, शेजारीण धुण्याभांड्याच्या कामाला, असे सारे सकाळी शहराकडेच निघतात. ज्यांच्याकडे दुचाकी आहे ते तिने जातात. उरलेल्यांना शेअर रिक्षा. ती भरेपर्यंत हलत नाही आणि भरल्यावर तीत जितके बसावेत त्याहून अधिक बसलेले असतात.

येथे थोडे गणित करून पाहू. गोदूताई वसाहतीची १० हजार आणि रे नगरची हस्तांतरित झालेली १५ हजार, अशी २५ हजार घरे धरली आणि दर पाच घरांतून फक्त एक व्यक्ती सकाळच्या अडीच तासांत बसने शहरात येईल असे मानले, तर पाच हजार प्रवासी होतात. म्हणजे तासाला दोन हजार. एका बसमध्ये ६० माणसे धरली तर तासाला ३३ फेऱ्या, जवळजवळ दर दोन मिनिटांना एक बस. जाऊन-येऊन एका बसला दीड तास लागतो असे समजले तर या एकाच मार्गावर ५० गाड्या हव्यात. हे आकडे सर्वेक्षणाचे नव्हेत, केवळ अंदाज बांधण्यासाठी मांडलेले आहेत. अर्धी घरे अद्याप रिकामी आहेत असे धरून ते निम्मे केले, तरी दर चार मिनिटांना एक बस हवी. या मागणीला आज जे उपलब्ध आहे, त्याच्याशी तिची तुलना प्रत्येक सोलापूरकराने आपल्या मनाशी करावी.

दर दोन मिनिटांना एक बस, हा आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. साध्या रस्त्याच्या एका मार्गिकेतून मोटारी आणि दुचाकी मिळून तासाला साधारण दीड-दोन हजार माणसे जातात. तासाला तीस भरलेल्या बसगाड्याही तितकीच माणसे नेतात. म्हणजे एखादी मार्गिका बससाठी राखून ठेवणे न्याय्य कधी ठरते, याचा उंबरठा साधारण येथे आहे. त्याहून कमी गाड्या धावत असतील तर राखीव मार्गिका म्हणजे जागेचा अपव्यय. त्याहून अधिक धावत असतील तर ती न राखणे हा अन्याय. येथे एक मानसशास्त्रीय अडचणही उद्भवते. दर दोन मिनिटांना बस जाणारी मार्गिकासुद्धा पाहणाऱ्याला बहुतेक वेळ रिकामीच दिसते. शेजारी कोंडीत अडकलेल्या मोटारचालकाला ती मोकळी जागा डोळ्यांत खुपते. आपल्या शेजारून आत्ताच साठ माणसे पुढे गेली, हे त्याच्या ध्यानात येत नाही. त्याला फक्त एक बस गेलेली दिसते.

पुण्याच्या अनुभवाचे मर्म नेमके येथे आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या सुमारे १६ किलोमीटरच्या मार्गावर तो प्रयोग सुरू झाला. भारतातील पहिली बीआरटी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. आदल्याच वर्षी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून केंद्राचा निधी येऊ लागला होता, २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा तोंडावर होत्या आणि घाई पुष्कळ होती. रस्त्याच्या मध्यभागी मार्गिका आखल्या गेल्या, थांबे उभे राहिले. परंतु थांबा रस्त्याच्या मधोमध असेल तर प्रवाशाने तेथवर पोहोचायचे कसे, याचे उत्तर काँक्रीटमध्ये नव्हते. वाहनांच्या दोन प्रवाहांतून वृद्ध आणि मुले जीव मुठीत धरून रस्ता ओलांडू लागली. चौक आला की मार्गिका संपे आणि बस पुन्हा गर्दीत मिसळे. दुचाकीस्वार मार्गिकेत शिरत आणि त्यांना अडवणारा कोणी नसे.

सर्वांत मोठी त्रुटी याहून साधी होती. मार्गिका आधी आली, बसगाड्या मागे राहिल्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवांचे एकत्रीकरण होऊन ‘पीएमपीएमएल’ ही कंपनी २००७ साली, म्हणजे प्रयोग सुरू झाल्यानंतर, अस्तित्वात आली. गाड्या अपुऱ्या आणि त्यांतल्या अनेक रस्त्यातच बंद पडणाऱ्या. ज्या मार्गिकेतून मिनिटा-मिनिटाला बस जावयास हवी, तीत खरोखरच शुकशुकाट दिसू लागला आणि टीकाकारांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

पुण्याने यातून काही धडे घेतले, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. २०१५ साली ‘रेनबो’ या नावाने सुरू झालेली दुसरी पिढी पुष्कळ विचारपूर्वक आखलेली होती. ऑगस्टमध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी, सप्टेंबरमध्ये सांगवी–किवळे आणि एप्रिल २०१६ मध्ये नगर रस्त्यावर येरवडा–वाघोली असे मार्ग खुले झाले. थांब्याचा ओटा आणि बसचा तळ एका पातळीवर आले, चालकांना प्रशिक्षण देण्यात आले. नगर रस्त्याच्या वडगाव शेरी, चंदननगर भागांत आपल्या समाजाची अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी ज्यांनी या बसने प्रवास केला त्यांना त्या मार्गाचे बरेवाईट या लेखकापेक्षा अधिक ठाऊक असेल. तथापि त्याच नगर रस्त्यावर कोंडी वाढली, मेट्रोचे खांब उभे राहिले, अपघातांचा प्रश्न पुढे आला आणि २०२३ मध्ये येरवड्याकडील भागातील मार्गिका काढून टाकण्यात आली. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोहोचली. परंतु मेट्रो रामवाडीला थांबते आणि माणसे त्याही पुढे वाघोलीपर्यंत राहतात.

दिल्लीत याहून बोधप्रद गोष्ट घडली. आंबेडकर नगर ते मूलचंद ही जेमतेम सहा किलोमीटरची मार्गिका २००८ साली सुरू झाली आणि वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाहिन्यांनी तिच्यावर झोड उठविली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने मार्गिका बंद करण्याची मागणी फेटाळली. न्यायालयात ती टिकली. राजकारणात टिकली नाही. काही वर्षांतच सरकारने ती उखडली. २०२४ च्या आरंभी भोपाळने आपली मार्गिका काढावयास घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये इंदूरच्या मार्गिकेबाबत मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती हटविण्यास अनुमती दिली. इंदूरचे उदाहरण विशेष खेदाचे, कारण तेथील बसला प्रवासी होते.

तर मग ही कल्पनाच चुकीची आहे काय? ब्राझीलमधील कुरितिबा या शहरात ती १९७४ पासून चालू आहे. कोलंबियाच्या बोगोटा शहराने ती २००० साली स्वीकारली. अहमदाबादने २००९ मध्ये ‘जनमार्ग’ सुरू केला, त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि मार्गांचे जाळे टप्प्याटप्प्याने विस्तारत नेले. आपल्या अधिक जवळचे उदाहरण हुबळी-धारवाडचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती आणि हुबळी-धारवाडचीही जवळजवळ तितकीच. तेथे दोन शहरांना जोडणाऱ्या सुमारे २२ किलोमीटरच्या रस्त्यावर जागतिक बँकेच्या साहाय्याने मार्गिका बांधण्यात आली आणि २०१८ पासून तीवरून ‘चिगरी’ बस धावू लागल्या. चिगरी म्हणजे हरिण. थांब्यांपाशी बसला बसच्या पुढे जाता यावे म्हणून जादा मार्गिका ठेवली, त्यामुळे सर्व थांबे घेणारी बस आणि थेट जाणारी बस अशा दोन्ही सेवा शक्य झाल्या. सारे काही आलबेल आहे असे नाही. भूसंपादनास वर्षे लागली आणि खर्चही मोठा झाला. परंतु दहा लाखांच्या आतल्या शहराला जलद बस म्हणजे चैन आहे, हा युक्तिवाद मात्र त्या उदाहरणाने निकालात निघतो.

हुबळी-धारवाडचा आराखडा उचलून सोलापूरवर ठेवता येणार नाही. तेथे दोन शहरांमधला मोकळा महामार्ग होता. अक्कलकोट रस्त्याचा औद्योगिक वसाहतीपलीकडचा भाग तसा आहे. तेथे बस आजही वेगाने धावू शकते आणि मार्गिका बांधण्याचे कारण नाही. बसचा वेळ जातो तो शहरात शिरल्यावर. दुकानांपुढे लावलेल्या दुचाक्या, हातगाड्या, चौकाचौकांत प्रवाशांसाठी थांबलेल्या रिक्षा, मालवाहू टेम्पो यांतून वाट काढताना शेवटच्या तीन-चार किलोमीटरला जितका वेळ लागतो, तितका त्याआधीच्या सात-आठ किलोमीटरला लागत नाही. तेव्हा संपूर्ण रस्ता खणण्याऐवजी नेमक्या त्या शेवटच्या टप्प्यात बसला अग्रक्रम द्यावा, हे अधिक शहाणपणाचे. काही ठिकाणी तो सकाळ-संध्याकाळपुरता असेल, काही चौकांत केवळ सिग्नलच्या अलीकडे बसला पुढे काढणारी शंभर मीटरची पट्टी असेल. अशी पट्टी डाव्या कडेने असल्यास साध्याच गाड्या चालतात. मध्यभागी थांबे बांधले तर उजव्या बाजूलाही दरवाजे असलेल्या गाड्या घ्याव्या लागतात आणि प्रवाशाला रस्ता ओलांडावा लागतो. डाव्या कडेची अडचण अशी की तेथेच वाहने उभी राहतात आणि तेथेच फेरीवाला बसतो. तो फेरीवाला पुष्कळदा त्याच कुंभारीच्या वसाहतीतून आलेला असतो. त्याला हुसकावून लावून त्याच्या शेजारणीला बस देणे यात फारसा पुरुषार्थ नाही. त्याची जागा आधी ठरली पाहिजे.

सोलापुरात गेली अनेक वर्षे चर्चा ऐकू येते ती उड्डाणपुलांची. जुना पुणे नाका आणि जुना बोरामणी नाका येथून शहरावरून जाणाऱ्या पुलांसाठी भूसंपादन, निधी, बैठका यांत वर्षानुवर्षे गेली. पूल नको असे कोणी म्हणणार नाही. पण पुलावरून बस गेली तरी तिला थांबा मिळत नाही. पुलाचा लाभ शहर ओलांडून जाणाऱ्याला. शहरात उतरणाऱ्याला खालचाच रस्ता. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहने नव्हे, तर माणसे हलविणे हे उद्दिष्ट ठरविले होते. त्या कसोटीवर पूल आणि बस यांची तुलना कोणत्याही सर्वसाधारण सभेत झाल्याचे ऐकिवात नाही.

आता गाड्यांविषयी. सोलापूरच्या परिवहन उपक्रमाचा अलीकडचा इतिहास कटू आहे. नेहरू योजनेतून आलेल्या नव्या कोऱ्या गाड्यांपैकी अनेकांच्या चेसिसला तडे गेले आणि त्या वर्षानुवर्षे आगारात उभ्या राहिल्या. गाडी उभी आहे, चालक-वाहक आहेत, प्रवासीही आहे आणि तरी बस नाही, अशी विचित्र अवस्था शहराने अनुभवली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी १० हजार विद्युत बसगाड्यांची ‘पीएम ई-बस सेवा’ योजना मंजूर केली आणि तीत सोलापूरसाठी १०० गाड्या मंजूर झाल्या. वर केलेले गणित पुन्हा आठवा: त्यांतल्या ५० एकट्या अक्कलकोट रस्त्याला लागतील. शंभर गाड्या शंभर ठिकाणी थोड्या थोड्या वाटल्या तर प्रत्येक प्रभागाला नवी बस दिसेल आणि कोणालाच बसचा भरवसा वाटणार नाही. नगरसेवकाच्या दृष्टीने पहिली वाटणी सोयीची, प्रवाशाच्या दृष्टीने ती निरुपयोगी.

या योजनेतील गाड्या खासगी चालक कंपनीच्या असतात आणि तिला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. केंद्राचे साहाय्य दहा वर्षांपर्यंत आहे. तिकिटाचे उत्पन्न आणि हे देणे यांतील तूट स्थानिक तिजोरीतून भागवावी लागते. तिजोरीवर ताण आला की पहिली कात्री लागते ती पहाटेच्या आणि रात्रीच्या फेऱ्यांना, कारण त्यांत प्रवासी कमी. पण पहाटेची बस नाही म्हणून ज्याने दुचाकी कर्जाने घेतली, तो दुपारच्या बसचाही प्रवासी राहत नाही.

आणखी एक गुंता. कुंभारी सोलापूर महापालिकेच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. रस्ता महामार्गाचा, शहरातील बस महापालिकेची, एसटी महामंडळाची, रिक्षांचे परवाने परिवहन कार्यालयाचे, चौकातील शिस्त पोलिसांची. पुण्यात दोन महापालिका आणि एक कंपनी यांच्यात जे झाले, ते येथे पाच कार्यालयांत होऊ शकते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. ती सवलत महापालिकेच्या बसला आपोआप लागू होत नाही. त्यामुळे एकाच रस्त्यावर, एकाच अंतरासाठी, एकाच स्त्रीला कोणती बस आधी आली त्यावर तिकीट ठरणार. ही विसंगती दूर करण्यास काँक्रीट लागत नाही, दोन संस्थांमधील एक करार पुरेसा आहे.

असा आराखडा कधी हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध झालाच, तर मार्गिकेच्या रंगीत चित्रांआधी वेळापत्रकाचे पान उघडून पाहावे. पहिली बस कुंभारीहून किती वाजता सुटणार? विड्यांचे गाठोडे घेऊन चढणाऱ्या स्त्रीकडून सामानाचे वेगळे तिकीट घेणार काय? एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जात असता थांब्यावर सावली आहे काय? जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मध्यवर्ती भाग बंद असताना बस कोणत्या वाटेने वळणार आणि ते प्रवाशाला कोण सांगणार? चुकलेल्या फेरीसाठी कंपनीला दंड आहे काय, आणि असल्यास कोणत्या मार्गावर किती फेऱ्या चुकल्या याचा मासिक तक्ता थांब्यावर, मराठीत आणि तेलुगूत, लावला जाणार काय?